अर्धा स्वर खाली

बंद पडायच्या आधी ती सांगते.
मागच्या सीटखाली पेट्रोलपंपाची बारीक गुणगुण असते,
ती अर्धा स्वर खाली येते.
मग मी मोजते. एक, दोन, तीन,
चारला डॅशबोर्डवरचे सगळे दिवे पेटतात,
लाल, पिवळे, आणि पुस्तिकेतही नसलेलं एक निळं चित्र,
आणि स्टिअरिंगचा दगड होतो.

पियानो जुळवणं हा माझा धंदा. कान दगा देत नाही.
गाडी देते.

रिकोतीच्या घाटात तीनदा.
त्यातलं एकदा बोगद्यात, मागे कलिंगडांचा ट्रक.
ड्रायव्हर शिव्या घालत उतरला,
माझे पांढरे केस पाहून उरलेल्या शिव्या गिळल्या
आणि गाडीला खांदा लावला.
झेस्ताफोनीला शाळेच्या दारात, पोरं सुटायच्या वेळी.
आणि एकदा, किल्ली माझ्या उशाशी असताना,
रात्री दोन वाजता वायपर सुरू झाले, कोरड्या काचेवर.
समोरच्या खिडकीतून लामारा ओरडली,
"एतेर, तुझ्या गाडीला झोप लागत नाहीये!"

बद्रीकडे नेली की मात्र गुणी बाळ.
तो बॉनेट उघडतो, मीटरच्या सुया टेकवतो,
बारा पॉइंट सहा. पुन्हा बारा पॉइंट सहा.
"हिला काही झालेलं नाही, बाई."
पहिल्यांदा बॅटरी बदलली. मग अल्टरनेटर.
तिसऱ्यांदा नुसता फ्यूज, आणि पैसे घेतले नाहीत,
उपाय संपल्यावर डॉक्टर घेत नाहीत तसे.

मी म्हटलं, मीटर ठेव. मागे बस. ऐक.
डावा कान गेलेला त्याचा, उजवा सीटला लावून
अर्धा तास आडवा पडून राहिला, इंजिन चालू.
कुत्रं येऊन त्याचे बूट हुंगून गेलं.
मग त्यालाही ऐकू आलं.

सीट काढली. गालिचा उचलला.
खाली वाळू.
आमच्याकडची नव्हे. बटुमीचा किनारा गोट्यांचा,
ही पिठासारखी.
वायरींच्या जुडग्यात तांबं कळकून हिरवं झालेलं,
बोट लागलं की तुटायचं.
आणि एक मक्याचा दाणा,
अंधारात कोंब फुटून तिथेच वाळलेला.
बद्रीने बोट जिभेला लावलं.
"मीठ," तो म्हणाला.

म्हणजे ही बुडाली होती.
समुद्रापार, कुणाच्या तरी अंगणात,
काचेच्या वर पाणी, दोन दिवस की चार.
मग धुतली, पुसली, लिलावात काढली,
जहाजातून पोतीला उतरवली,
आणि रुस्तावीच्या बाजारात चामडी जाकिटातल्या माणसाने मला सांगितलं,
म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंची होती,
रविवारी चर्चपुरती काढायच्या.
ताकास तूर लागू दिली नाही.

"सगळं वायरिंग बदलायला हवं," बद्री म्हणाला,
"गाडीपेक्षा महाग. त्यापेक्षा वीक. बाजार आहेच."

गेले. गालिचा धुऊन, अत्तराची बाटली लटकवून.
दुपारी एक जोडपं आलं. ओतार नावाचा पोरगा टायरना लाथा मारत होता,
ती मागे बसली होती, पोट सहाव्या महिन्याचं.
"काही त्रास देते का?" त्याने विचारलं.
डॉक्टरीणबाई माझ्या ओठांवर आल्या होत्या, खरंच सांगते.
तेवढ्यात तिने मान तिरकी केली.
"हे काय गुणगुणतंय?"

मी सगळं सांगितलं. वाळूसकट.
ओतार रागावला, जणू मी त्याला आधीच फसवलं होतं.
ती जाताना सीटवरून हात फिरवून गेली.

परतताना गोरीच्या अलीकडे दमट वारा सुटला.
एक, दोन, तीन.
आता मी किल्ली परत परत फिरवत नाही, बॉनेट बडवत नाही.
चारी दारं उघडते, रस्त्याकडेला बसून सूर्यफुलाच्या बिया सोलते.
ती पुन्हा त्या पाण्यात गेलेली असते.
वर यायला तिला साधारण वीस मिनिटं लागतात.